आधी तेल, मग पाणी

न्हाणीघरातल्या शांततेत तेलाच्या बाटलीचं झाकण टक्कन उघडलं.

"हात कोरडे आहेत ना?" हेसूनं विचारलं.

बोमीनं दोन्ही तळवे फ्रॉकला पुसून दाखवले. दुपारी बालवाडीच्या स्नेहसंमेलनात ती हातपंख्यांच्या नाचात नाचली होती. गालांवर लाली, डोळ्यांत काजळ. घरी आल्या आल्या तिनं साबण फासून तोंड धुतलं आणि काजळ हनुवटीपर्यंत ओघळलं. बाहेर सोयाबीनच्या मोडांची शेपटं खुडत बसलेली आजी, हेसूची सासू, पोट धरून हसली.

"काय गं बोमीच्या आई, अख्ख्या जॉन्जू शहराला तोंड धुवायला शिकवतेस, आणि घरात हे कोळशाचं पोर!"

शिकवत होतीच ती. बाजारातल्या प्रसाधनांच्या दुकानात दिवसभर तेच. आधी तेल, तेही कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर. मग पाण्याचे दोन थेंब, तेल दुधासारखं पांढरं होईतो. मग फेस. शेवटी टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही.

"आधी तू," बोमी म्हणाली.

"मला कशाला?"

"तुझ्या तोंडाला पण रंग आहे की! तू धू, मग मी. नाहीतर मी अशीच झोपणार."

हेसूचा हात बाटलीवरच थांबला.

डाव्या डोळ्याखालून थेट जबड्यापर्यंत तिला जन्मखूण होती. पिकल्या जांभळाच्या रंगाची. मुलगी दाखवायच्या दिवशी तिच्या आईनं स्वतःच्या हातानं त्यावर कातडीच्या रंगाचा लेप लावून दिला आणि बजावलं, नवऱ्याच्या आधी उठायचं, त्याच्यानंतर निजायचं. तेव्हापासून दार लावून चेहरा धुवायचा आणि निजायच्या आधी पुन्हा पातळ थर द्यायचा, हा नेम झाला. सासू दर रविवारी नातीला घेऊन बायकांच्या सार्वजनिक स्नानगृहात जाई. सुनेला एकदाही चल म्हणाली नव्हती. पहाटे खोलीतून निघताना मात्र अशी खाकरायची की घर दणाणून जाई. आपण परक्याच, असं हेसूला वाटे. बरंही वाटे.

बाळंतपणातसुद्धा लेप हलला नव्हता. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी आरसा मागितला होता, मग बाळ. त्या दिवसापासून तोच लेप ती छातीठोकपणे विकत आली.

पोरीनं आता हे पाहिलं आणि दचकून मागे सरली तर? शाळेतल्या मुली सरायच्या तशी? आणि बाहेर जाऊन बोलली तर? फसवून सून झालीस, म्हणायला सासूला कितीसा वेळ लागणार.

पण पोरीला जवळ घेताना दर वेळी उजवाच गाल पुढे करायचा, तो तरी किती दिवस?

तिनं तळव्यावर तेल घेतलं. "नीट बघ हं. बोटं गोल फिरवायची. घाई नाही."

लेप सुटला. पाण्याच्या थेंबांनी तेल पांढरं झालं, वाहून गेलं. फेस आला, गेला. हेसूनं डोळे मिटूनच चेहरा टिपला. मग टॉवेल हळूच खाली घेतला.

बोमी बघत होती. तिनं बोट लावून तो गाल दाबून पाहिला.

"झालं? आता माझा नंबर."

"बोमी, तुला... भीती नाही वाटली?"

"कशाची? मला माहितेय की ते." बोमीनं तोंड पुढे केलं. "बाबांना पण माहितेय. मी जन्मले ना, तेव्हा तुला खूप घाम आला होता. आजीनं पुसला तर हे दिसलं. मग तू झोपलेली असताना तिनंच तुझ्या पिशवीतली डबी काढून परत लावलं. आजी म्हणते, आई स्वतः दाखवेल तेव्हाच बघायचं, आपण विचारायचं नाही."

टॉवेल हेसूच्या हातात तसाच राहिला.

तेलाची वाट बघत बोमीनं डोळे घट्ट मिटले होते. त्यातला एक उघडला.

"आई, मग आपण हे कुणापासून लपवत होतो?"