आजोबांचा उजवा गाल

"डावा गाल! डावाच येऊ दे," साहेबांनी चौथ्यांदा बजावलं.

मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीपुढे फोटोवाला गुडघे टेकून बसला होता. वीतभर जाड काचेत स्वतःचंच थोबाड उमटू नये म्हणून त्याने डोक्यावरून काळं कापड ओढलं होतं आणि कॅमेरा काचेला सरळ भिडवला होता. जरा तिरका धरला की मासा अंधुक येतो, म्हणाला. तेव्हा वळायचं ते माशानेच. आणि हा मासा, म्हणजे पोत्याएवढे आजोबा, एकाच बाईचा हात बघून वळायचे. अठरा वर्षं त्यांना भरवणारी तीच. सगळे तिला मासेवाली म्हणत. काचेच्या डाव्या टोकाला ती हात टेकवून उभी होती, म्हणून आजोबांचं तोंड डावीकडे आणि डावा गाल कॅमेऱ्याकडे होता.

उजवा गाल पार सोलला होता. आजोबा वाढले, टाकी तेवढीच राहिली; वळताना दर वेळी तोच गाल भिंतीला घासायचा. मोठ्या टाकीसाठी मासेवालीने तीन अर्ज दिले. साहेबांनी तिन्ही स्वतःपाशीच दाबून ठेवले आणि वर कळवलं, मासा मजेत आहे. आता विश्वस्तांनीच फोटो मागवले होते. ते थेट त्यांच्याकडे जाणार आणि नव्या टाकीचं काय ते उद्याच ठरणार. हा गोंडस डावा गाल बघितल्यावर कोण कशाला टाकी बांधतंय, कप्पाळ!

मासेवालीने हात काढला. एप्रनला पुसला. फोटोवाल्याच्या मागून शांतपणे चालत ती उजव्या टोकाला गेली आणि तिथे काचेवर हात ठेवला.

आजोबा सावकाश वळले. गाल भिंतीला घासला, तसा तिचा जीव कळवळला. मग तो लालभडक गाल कॅमेऱ्यापुढे येऊन थांबला.

"अहो बाई! हे काय चालवलंय?"

"फोटो काढून घेतेय, साहेब."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढंही कळत नाही?"

"वैर कुणी केलं ते गालावर दिसतंय की."

साहेब लालेलाल झाले. "उद्यापासून कामावर यायचं नाही! कळलं?"

तिचा हात मात्र होता तिथेच राहिला.

मग साहेब स्वतःच डाव्या टोकाला धावले आणि काचेवर थाडथाड पंजा आपटू लागले. "ए! इकडे! इकडे बघ!" आजोबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"साहेब, काच ठोकू नका," कापडाखालून आवाज आला. "फोटो हलतोय."

"तुम्ही निवांत काढा हो," मासेवाली म्हणाली. "माझी नोकरी उद्यापासून गेलीय. आज मी इथेच आहे."