पाइपवरचं कुंकू

तंबाखूच्या पाइपच्या दांडीवर कोरलेल्या अक्षरांत कुंकू इतकं घट्ट बसलं होतं, की श्रीशैल सरांना भिंग बाजूला ठेवून आधी टाचणी घ्यावी लागली.

"साहेबाचं नाव हाय त्ये," महानंदाक्का म्हणाल्या. "दर खंडेनवमीला माझे अप्पा गिरणीतला पाना, धोटा आन् ह्यो पाइप पुजेला मांडायचे. पयलं कुंकू ह्या नावाला. अप्पा गेल्यावर मी लावत आले."

सर दमले होते. डॉक्टरांनी पाइप ओढणं बंद करायला लावल्यापासून ते जुन्या पाइपांवरचे छाप नुसते वाचत. गावात ही गोष्ट पसरली आणि ज्याच्या त्याच्या घरात आजोबांचा पाइप निघू लागला. माणसं मोठ्या आशेनं यायची आणि पाइप साधाच निघाला की तोंड पाडून परत जायची. आताशा दाराची कडी वाजली तरी सरांना नको वाटायचं.

"विलायतेला जाताना गिरणीच्या गोऱ्या साहेबानं सोताच्या तोंडातला काढून दिला, असं अप्पा सांगायचे. चाळ म्हणायची, बंगल्यातनं उचलला. साळंत मला चोराची पोरगी म्हणायचे, सर. आता पोराकडं चाललेय पुण्याला, कायमची. चोरीचा असंल तर तितं देवापुढं ठेवणार न्हाय. तेवढं सांगा."

टाचणीच्या टोकाशी कुंकवाचा चुरा येत राहिला. अक्षरं उघडी पडली. सरांनी ती दोनदा वाचली, मग पाइपच्या वाटीत बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"चोरीचा नाही, अक्का."

महानंदाक्कांनी डोळे मिटले. "म्हंजी साहेबानंच दिला."

सरांना इथंच थांबता आलं असतं. थांबावंसं फार वाटलंही.

"हे साहेबाचं नाव नाही. मुंबईच्या एका दुकानाचा छाप आहे. खाली लिहिलंय, दुय्यम प्रत. लाकडात खड्डे निघाले की ते बुजवून असा छाप मारायचे आणि स्वस्तात विकायचे. आणि हा कुणी कधी पेटवलेलाच नाही. साहेबाच्या तोंडातला असता तर आतून काळा झाला असता. अप्पांनी विकत घेतला असणार."

पंखा करकरत होता. महानंदाक्कांनी पुढं वाकून ती अक्षरं पाहिली.

"पेटवायचे न्हाईत खरं," त्या म्हणाल्या. "सांजचं उंबऱ्यावर नुसता तोंडात धरून बसायचे. सगळ्या चाळीला दिसंल असं." मग एकदम चिडून म्हणाल्या, "मग इकत घेतला म्हणून सांगायचं की! चोर तरी कुणी म्हटलं नसतं."

"ते छापात नसतं, अक्का."

त्यांचा राग आला तसा विरून गेला.

"जलमभर राबले त्या साहेबाच्या हाताखाली," त्या हळूच म्हणाल्या. "चोर म्हणवून घेतलं. पर साहेबानं कायबी दिलं न्हाय, हे न्हाय सांगितलं."

सरांनी पाइप त्यांच्या हातात दिला. महानंदाक्कांनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. बोटानं दाबून दाबून त्या अक्षरं भरू लागल्या, अगदी शेवटचं अक्षर बुजेपर्यंत.

"नातीनं इचारलं तर," डबी मिटत त्या म्हणाल्या, "साहेबानं तोंडातला काढून दिला."