चुकलेलं माप

लकव्यानं उजवा पाय लुळा पडल्यापासून गिरजाबाई ओसरीचा खांब धरून उभी राहायची, तेवढंच. काठी टेकत गावापुढं जायची तिला लाज वाटे. तिच्या नवऱ्यानं, कोंडबारावांनी, नातवासाठी घरीच बाभळीचा पांगुळगाडा करायला घेतला. आठ दिवस वाकसानं लाकूड तासून गाडा उभा केला, तशी गिरजाबाई हसली.

"अवो, लेकरू हाय का उंट? दांडा तं त्याच्या डोक्यावरून गेला. डोंगरकडा गावच्या सुताराला तरी इचारायचं."

"माप चुकलं. ते वाढंस्तोवर तूच ढकल जरा, न्हाईतं चाकं जाम व्हतील."

पुटपुटत का होईना, दांडा धरून ती आडापर्यंत जाऊन आली. ओसरीशी येऊन तिनं सवयीनं खांब धरला, तर बोटांखाली कोळशाची रेघ होती. बरोबर दांड्याच्या उंचीवर.