हिंग्वाष्टकाची चिमूट

वैद्यबाबांनी चूर्णाची चिमूट नाकाशी नेली. परात सुनेच्या हातात होती. नेहमीप्रमाणे बाबांनी तिला खिडकीपाशी, ऐन उजेडात उभं केलं होतं. घरची रीतच होती तशी. हिंग्वाष्टक दळा, वस्त्रगाळ करा, पण बाबांच्या नाकाखालून गेल्याशिवाय ते डब्यात भरायचं नाही.

दारात रुग्णालयाची गाडी उभी होती. खरेदी अधिकारी बाकावर बसून घड्याळ बघत होता. त्याच्याकडे अंथरुणाला खिळलेली माणसं होती. पोटं फुगलेली, अन्नावरची वासना उडालेली. त्यांच्या पहिल्या घासाला तुपात कालवून द्यायला त्याला साठ डबे हवे होते. धाकटा दीर लेबलं चिकटवून केव्हाच मोकळा झाला होता.

बाबा ऐंशीला टेकले होते. पुढचं सगळं धाकट्याने ठरवून टाकलं होतं. बाबा थकले की दळणघर बंद करायचं, तयार चूर्ण बाहेरून आणायचं आणि त्यावर आपलं लेबल लावायचं. सुनेने एकदा भीत भीत म्हटलं होतं, मी सांभाळेन की. तो हसला होता. वहिनी, खलबत्ता तुम्हाला जमेल हो, नाक कुठून आणाल? नवऱ्याचा आधार घ्यावा, तर तो गणिताचा मास्तर. सुंठ कुठली आणि हळकुंड कुठलं, यात त्याचा अजून गोंधळ व्हायचा.

पण दळणघर गेलं तर ती जीव कशात रमवणार होती? तिथे वासावासातून तिला सगळी भेटत. सुंठ आधी येते, कोरडी, करड्या आवाजाची. मागोमाग मिरी आणि पिंपळी, भांडतच येतात. ओवा मध्ये पडतो, जिरं-शहाजिरं समजूत घालतात, सैंधव गप्प बसून ऐकतं. आणि शेवटी येतो हिंग, तुपात फुललेला, भरल्या घरात वडीलधारं माणूस यावं तसा. तो आला की बाकीची सातही जणं एका सुरात बोलू लागतात.

आज ती सगळी एका सुरात बोलत नव्हती. परात उचलतानाच तिला ते कळलं होतं. सकाळी ती लेकीच्या शाळेत गेली होती आणि तेवढ्यात धाकट्याने एकट्याने दळण उरकलं होतं. बोलावं तर परक्या माणसासमोर दिराची शोभा. न बोलावं तर ते साठ डबे आणि ती आजारी पोटं. तिने ओठ मिटून घेतले. कपाळावरची आठी मात्र तिचं ऐकेना.

बाबा चिमूट धरून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ती परातीत सोडली.

"हे जायचं नाही."

काय झालं, धाकट्याने विचारलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"का जायचं नाही, ते तू सांग, सूनबाई."

गेली तीन वर्षं ते दर वेळी असंच विचारत. चूर्ण जमलं तरी विचारत, बिघडलं तरी विचारत. वीस वर्षं हाताखाली काढूनही आपली परीक्षा काही संपत नाही, असं तिला वाटे. थोडं लागतही असे. तिने मान खाली घातली.

"हिंग कच्चा आहे, बाबा. तुपात फुललाच नाही. दुखऱ्या पोटाला जाचेल."

धाकटा गोरामोरा झाला. मग त्याने कबूल केलं, कढई तापवत बसायला वेळ कुठे होता, तसाच कुटून टाकला. खरेदी अधिकाऱ्याने घड्याळावरची नजर काढली. गाडी उद्या आणतो म्हणाला, असं नाक असेल तिथे एक दिवस थांबायला हरकत नाही म्हणाला. तेवढ्यावर धाकट्याला पुन्हा कंठ फुटला.

"मी तरी दुसरं काय म्हणतो? बाबांसारखं नाक पुन्हा मिळायचं नाही. त्यांच्यामागे हे दळणघर चालवणार कोण?"

बाबांनी धोतराला बोटं पुसली.

"माझं नाक तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं," ते म्हणाले. "हिंग काय आणि राख काय, मला काहीसुद्धा कळत नाही. चिमूट धरतो मी, पण वाचतो तो हिचा चेहरा."

धाकटा पुढे झाला आणि त्याने वहिनीच्या हातातली जड परात आपल्या हातात घेतली.

बाबा तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज किंचित ओशाळला होता.

"तुला ती परीक्षा वाटायची ना, सूनबाई? मी खरंच विचारत होतो."