दाढेसाठी इअरफोन

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता, पण ड्रिलची घरघर ऐकूनच पेशंटचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून त्यांनी स्वस्तातले वायरवाले इअरफोन तीन प्रकारचे आणले आणि सुट्टीच्या दिवशी पेशंटच्या खुर्चीत स्वतः आडव्या होऊन एकेक लावून पाहिले. पहिल्यातून गाणं असं यायचं, जणू कुणी पिंपात बसून म्हणतंय. दुसऱ्याने कान ठणकायला लागले. तिसरा मात्र कापसासारखा मऊ, आवाज खणखणीत, आणि शेजारी ड्रिल घरघरत ठेवलं तरी ऐकू येईना!

दुसऱ्या दिवशी पहिला मान मिळाला एका धिप्पाड शिंपीकाकांना. इअरफोन लावताच त्यांच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. ड्रिल सुरू झालं, तिकडे गाणंही रंगात आलं, आणि काका आ वासलेल्या तोंडानेच जीव ओतून साथ द्यायला लागले, "आऽऽऽ! आआआऽऽऽ!" डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत दाढ भरली.

"काका, दुखलं का हो?"

"छे! कानात काही घातलंय हेसुद्धा विसरलो. आणि आवाज काय सुरेख!"

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी दार उघडून बाहेर पेशंटचे नंबर लावणाऱ्या नणंदेला हाक मारली, "पुढच्यांना पाठव गं!"



"कुणाला पाठवू, वहिनी? बाहेरच्या सगळ्यांचे दात एकदमच दुखायचे थांबले."