उपरण्याखालचा गोलकीपर

"घाला हात खाली," गुरप्पा म्हणाला आणि त्यानं खांद्यावरचं उपरणं गंगाधरपंतांच्या टेबलावर पसरलं.

गंगाधरपंत गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि साहेबांच्या हुकमानं गिरणीच्या हॉकी संघाचे चिटणीसही. गुरप्पा होटगीचा बैलांचा दलाल. त्याचा धाकटा मुलगा धुळाप्पा बाहेर मैदानावर पायांना पॅड बांधून गोलात उभा होता. सकाळपासून सगळा संघ त्याच्यावर चेंडू मारत होता. एकही आत गेला नव्हता. दमलेले खेळाडू आता कचेरीच्या खिडकीशी पाणी पीत होते. तोंड मडक्याकडे, कान आत.

हा गोलकीपर पंतांना हवाच होता. जुना नोकरी सोडून गावी गेला, तेव्हापासून गोलात खुद्द पंत उभे राहत. चष्मा काढून. मागच्या सामन्यात नऊ गोल झाले. त्यांतला एक त्यांनी पाहिला. उद्या पुन्हा सामना होता.

अडचण होती साहेबांच्या मर्यादेची. खेळाडूंचा भत्ता सगळ्यांचा मिळून महिना चाळीस रुपये, वर एक आणा नाही. बत्तीस दहाजणांत संपले होते. उरले आठ. त्यातून नव्याला आठ दिले असं खिडकीशी कळलं, तर उद्या दहाही जण आठ मागणार. म्हणून पंतांना उपरणं बरंच वाटलं. त्यांनी हात खाली घातला.

"दाबाल तितकी बोटं, तितकं रुपये," गुरप्पा म्हणाला. "त्वांडानं आकडा काढायचा न्हाय. दुसरं कायबी बोला."

उपरण्याच्या वर: "यंदा कडबा कसा आहे तुमच्याकडे?"

उपरण्याच्या खाली: पंतांनी आधी पाच बोटं दाबली, मग एक. दोन रुपये हाताशी राखून.

वर: "कडबा लई म्हाग, सायेब." म्हातारा जोरजोरात मान हलवत होता.

खाली: त्यानं पंतांची चार बोटं दाबली.

मधे, म्हणजे पंतांच्या डोक्यात: सहाला चार? विकणारा कधी खाली उतरतो का? नाही. ह्याला आणखी चार हवेत! सहा आणि चार, दहा. पलीकडच्या गिरणीनं कबूल केले असणार. न पाहिलेले आठ गोलही पंतांना दिसायला लागले.

वर: "आणि बैल? बैल बरे आहेत?"

खाली: आठ. होते नव्हते तेवढे सगळे.

इंगळी डसावी तसा गुरप्पानं हात ओढून घेतला. "अवो सायेब! सहावरनं आठ? खाली या की! वर कुटं चाललाय?"

तोंडानं आकडा काढायचा नाही, हे तो स्वतःच विसरला. खिडकीशी पाण्याचा आवाज थांबला.

पंत गोंधळले. मग त्यांना भलतीच शंका आली. विकणाराच भाव पाडायला लागला, की जनावरात खोट असते, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी हळूच विचारलं, "मुलाला फेफरं वगैरे येत नाही ना?"

"पोरगं खणखणीत हाय!" गुरप्पा भडकला. कंबरेचा कसा सोडून त्यानं पाच रुपये उपरण्यावर आपटले. "हे घ्या. ह्याच्यावर न्हाय. थोरल्याला सूतखात्यात चिकटवला तवा भरती करनाऱ्या जॉबरनं पंधरा घेतलं, पर तितं काम तरी हुतं. हितं नुसतं उभं ऱ्हायाचं!"

पंतांनी ते रुपये त्याच्याकडे परत सरकवले.

"गुरप्पा, अहो, आम्हाला घ्यायचे नाहीत. द्यायचेत! पगाराच्या वर. दर महिन्याला."

"कशापायी?"

"उभं राहण्याबद्दल."

गुरप्पानं रुपये उचलून परत कंबरेच्या कशात टाकले, उपरणं झटकून खांद्यावर घेतलं आणि दारातून हाक मारली, "धुळाप्पा, सोड ते पायाचं! पदरचं पैसं देऊन बलवत्यात, ह्या गिरणीत कायतरी खोट हाय. पलीकडं जाऊ. तितला जॉबर बारा मागतोय, म्हंजे तितली नोकरी खरी आसंल."

धुळाप्पानं एका पॅडचा पट्टा सोडला. मग दुसऱ्याचा.

उभ्या नोकरीत पंतांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. ते दारापर्यंत धावले.

"गुरप्पा! सात रुपये! सातला एक पै कमी घेणार नाही!"

म्हातारा थांबला. वळला. त्याचा चेहरा उजळला.

"हां," तो म्हणाला, "आता वाटती नोकरी!"