नागपूरचं पाकीट

दिनानाथ पोस्टमनने सायकलवरून न उतरताच पाकीट वत्सलाच्या हातात दिलं. "ताय, नागपूरचा शिक्का हाय. तुमची नणंद रोज इचारते याच्यासाठी."

"देते तिला," वत्सला म्हणाली.

देते कसली! पाकिटावर 'कु. चंद्रकांता इंगळे, सरावली, बोईसर' असा पत्ता होता, तोही चंद्रकांताच्याच टपोऱ्या अक्षरात. उत्तरासाठी स्वतःचा पत्ता लिहून रिकामं पाकीट तिनेच नागपूरला पाठवलं असणार. कोपऱ्यात विद्यापीठाचा जांभळा शिक्का होता. आतला जाड कागद बोटांना लागत होता. उघडून बघायची वत्सलाला गरजच वाटली नाही. बाहेरून आलेल्यांना तिकडचा दाखला लागतो, तो नसला तर पालघरचं नवं कॉलेज दारात उभं करत नाही, हे महिनाभर ऐकून तिचे कान किटले होते. आणि अर्जाची शेवटची तारीख उद्याच होती.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, बन्सीला तिथे नोकरी लागली आणि इंगळ्यांचं बिऱ्हाड अमरावतीहून इकडे आलं. त्याच्या आदल्याच वर्षी वत्सला अमरावतीत कॉलेजला जात होती. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि निकालाच्या आठवड्यातच लग्न लागलं. ताटातल्या तांदळांत बन्सीने अंगठीने 'वत्सला' लिहिलं, आणि जमना नागोराव ढोले तिथेच संपली. पुढे शिकू का, असं तिने सासरी एकदाच विचारलं होतं. सासू, सोजराबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "सुनेनं शिकून काय करा लागते? घर कोन पाहीन?" बन्सी मान खाली घालून जेवत राहिला. त्याचं ते न बोलणं तिला अजून सलत होतं.

आणि आता बहीण अमरावतीच्या शाळेतून मॅट्रिक झाली तर हाच बन्सी अख्ख्या चाळीत पेढे वाटतो, रजा टाकून पालघरहून फॉर्म आणतो. सोजराबाईही गप्प. पोटची पोर ना! वत्सलाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात चंद्रकांताच्या भोचक चौकश्या. "वयनी, कॉलेजात तुमचा रोल नंबर काय होता?" "वयनी, विषय कोणते घेतले होते?" एकदा तर मार्कशीटच बघायला मागितली. वत्सलाने तोंड वाकडं करून ट्रंकेतून काढून दिली. पोरीने ती परतही केली नाही. जखमेवर मीठ चोळावं तरी किती माणसाने.

न्हाणीत बंब पेटलेला होता. वत्सलाने पाकीट आत सारलं. कागद आधी वाकला, मग काळा पडला. तिला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगा, जिवाला गार वाटलं.

चंद्रकांता बाजारातून आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "पोस्टमन आला होता?"

"आला नि गेला. काही नव्हतं."

पोरीचा चेहरा पडला. जरा वेळाने म्हणाली, "उद्या तुम्हीही चला पालघरला. निळी साडी नेसा."

वत्सला हो म्हणाली. ही मजा ती सोडणार थोडीच होती.

सकाळी निघताना बन्सीने आपलं शाईचं पेन काढून वत्सलाच्या हातात दिलं. "लागंल तिथं," एवढंच म्हणाला. तिने ते चंद्रकांताच्या पिशवीत टाकलं. लाडक्या बहिणीसाठी पेनसुद्धा बायकोने वाहायचं!

एस.टी.त मच्छीच्या पाट्यांमध्ये अंग चोरून दोघी पालघरला पोचल्या. कॉलेजच्या खिडकीशी रांग होती. नंबर आला तशी वत्सला मुद्दाम पुढे सरकली. नणंदेचं तोंड तिला नीट दिसायला हवं होतं.

"मार्कशीट," कारकून म्हणाला. चंद्रकांताने दिली.

"शाळा सोडल्याचा दाखला." तोही दिला.

"बाहेरच्या बोर्डाच्या आहात. बोर्डाचा दाखला?"

चंद्रकांताने पिशवीतून एक कागद काढून खिडकीतून आत दिला. कारकुनाने त्यावर शिक्का मारला. "प्रवेश झाला. पहिलं वर्ष, कला."

वत्सलाने चंद्रकांताचा दंड धरला. "हा कधी आला?"

"केव्हाच. तुम्ही दवाखान्यात गेल्या होत्या त्या दिवशी," चंद्रकांता म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती अजून कारकुनाकडेच बघत होती.

कारकुनाने खालच्या गठ्ठ्यातून आणखी एक फॉर्म ओढला. "तुम्ही ठेवायला दिलेला हा दुसरा अर्ज. दुसऱ्या वर्षाचा. याला बोर्डाचा दाखला चालत नाही, विद्यापीठाचा लागतो. आला का?"

"कालपर्यंत वाट पाहिली," चंद्रकांता खिडकीला चिकटून म्हणाली. "नाही आला. चार दिवस द्या ना, साहेब. दादानं सही केलीय, फी पण आणलीय."

"नियम मी केलेला नाही, बाई. कॉलेज बदलून येणाऱ्याला तो दाखला आजच लागतो." कारकुनाने फॉर्म उलटा केला. "आणि अर्जदाराची सहीसुद्धा नाही यावर."

चंद्रकांताने पिशवीतून बन्सीचं पेन काढलं आणि वत्सलाच्या हातात ठेवलं.

कारकुनाने चष्मा वर केला, फॉर्मवरचं नाव वाचलं आणि रांगेकडे बघून विचारलं, "जमना नागोराव ढोले कोण? आल्यात का?"